सरांचा डावा पाय

नागसेनची कुणी वाहवा केली की त्याचा हात थांबत नसे, आणि एकदा हात सुटला की डोकं मागं राही. नांदेडच्या वजिराबादेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. पोटापाण्यापुरतं ते चाले, पण जीव सगळा मागच्या टेबलावर. तिथं तो जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटी बनवायचा. ज्यांनी लहानपणी ते चिनी गेम टीव्हीला जोडलेत त्यांना वेगळं सांगायला नको: पिवळी कॅसेट, तिच्यात फुंकर मारायची, खटकन बसवायची, नाही लागली तर पुन्हा फुंकर. आता ते गेमचे डबे माळ्यावरून खाली निघत, चालूही होत, पण कॅसेटी मेलेल्या. नागसेन मेलेल्या कॅसेटीचं पोट उघडून आत पिको नावाच्या दोन स्वस्तातल्या हिरव्या सर्किटपट्ट्या बसवायचा, बोटाएवढ्या, एक गेमचं गणित बघायला आणि दुसरी चित्रं बघायला. जुना डबा पाच व्होल्टचा, नवी पट्टी तीन व्होल्टची आणि नाजूक. दोघांची सोयरीक जुळवायला मधे आणखी चिपा घालाव्या लागत. महिनेच्या महिने त्यात गेले, पट्ट्या जळाल्या, बायकोची बोलणी खाल्ली, पण शेवटी जमलं. बिलोलीपासून निलंग्यापर्यंतची माणसं कॅसेटी मागवू लागली आणि गेम लागल्याचे व्हिडिओ पाठवू लागली. आलेला प्रत्येक व्हिडिओ नागसेन आधी बायकोला दाखवी, मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, आणि मग पुन्हा बायकोला.

कामात तो चोख होता, फक्त एका बाबतीत आळशी. प्रत्येक कॅसेटीसाठी वेगळी फाइल कोण बनवत बसणार? त्यानं सगळे गेम एकाच मोठ्या फाइलीत कोंबले होते. कॅसेट कुणाचीही असो, तीच फाइल आत ओतायची आणि झाकण लावायचं. नवा गेम बनवला की तोही त्याच फाइलीत जाई. त्यात शेवटच्या पानावर एक गेम होता, ‘सर आले’ नावाचा.

तो कसा आला ते सांगायला हवं. नागसेन दहावीनंतर बिलोलीहून लातूरला शिकायला गेला होता. तेव्हा त्याचं गणित गुरुपादप्पा सरांकडं होतं. सरांना लहानपणी पोलिओ झालेला. ते पाय ओढत फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या वर्गात त्यांच्या चालीचा आवाज घुमायचा: ठक्, सर्र. ठक्, सर्र. जिन्यावर तो आवाज आला की पोरं गप्प. सर मारत नसत, पण त्यांचा एक कायदा होता. वर्गात खोडरबर चालायचं नाही. पायरी चुकली तर तिच्यावर एक रेघ मारायची आणि खाली बरोबर पायरी लिहायची. चूक दिसत राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या कंपासपेटीत खोडरबर सापडे, त्याला चालू असलेलं अख्खं गणित सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवावं लागे. आणि रविवारी सरांच्या बायको, पार्वतम्मा काकू, खोल्या करून राहणाऱ्या पोरांना बोलवून धपाटे आणि दही खाऊ घालत. नागसेननं किती धपाटे खाल्ले असतील, ते मोजायच्या भानगडीत तो पडला नाही.

तर त्या बॅचचा स्नेहमेळावा नांदेडला ठरला. ग्रुपवर श्रीशैलनं टूम काढली. श्रीशैल आता लातुरात औषधांचं दुकान चालवतो आणि वर्गातही तोच सरांची नक्कल करायचा. तो म्हणाला, नाग्या, तुझ्या त्या गेममध्ये सरांना घाल की. झालं. नागसेननं जुन्या पळापळीच्या गेममधला राक्षस काढला आणि त्याच्या जागी सर बसवले: टक्कल, चष्मा, हातात खडू, आणि पाय ओढत चालणं. पळणारं पोरगं म्हणजे आपण, मागं सर. पकडलं की पोरगं फळ्याजवळ जाऊन उभं राहतं. त्या डब्यात जागा फार कमी. म्हणून जुने गेमवाले एक युक्ती करत: माणसाचं एकाच बाजूचं चित्र काढायचं आणि तो उलटा फिरला की डब्यानंच ते आरशातल्यासारखं पलटवायचं. नागसेननंही तेच केलं, आणि वाचलेली जागा आवाजाला वापरली. श्रीशैल फोनवर ऐकत होता आणि सांगत होता, अजून थोडं घासू दे, अजून थोडं, हां, आता अगदी सर. मेळाव्याच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर ठक्-सर्र ऐकून लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. ग्रुपनं नागसेनला खांद्यावर घेतलं. सर आमंत्रण असूनही आले नव्हते, तब्येत बरी नव्हती म्हणे. ते आले नाहीत याचं नागसेनला त्या क्षणी बरंच वाटलं, आणि बरं का वाटलं याचा विचार त्यानं केला नाही.

पुढं बरेच दिवस गेले. एका सकाळी श्रीशैलचाच फोन. सरांना अर्धांगवायूचा झटका आला, जीव वाचला, पण डावी बाजू गेली. वाचा शाबूत आहे. डाव्या हाताची बोटं हलती ठेवायची आहेत, व्यायाम दिला तर सर कंटाळतात. त्यांच्या मंजुश्रीनं, म्हणजे मुलीनं, बंगळुरूहून सुचवलं की माझा जुना टीव्ही गेम माळ्यावर आहे, त्याच्या रिमोटची डावीकडची बटणं अंगठ्यानंच दाबावी लागतात, ती दाबतील. डबा चालू झाला, कॅसेट एकही लागेना. नागसेनच्या अंगात उत्साह संचारला. सरांसाठी करायचं म्हणून त्यानं कॅसेटीला नवं कवच लावलं, जोड पुन्हा पुन्हा तपासले, दुकान बंद ठेवलं आणि स्वतः एसटीनं लातूरला निघाला. कुरिअर करता आलं असतं. पण सरांनी आपलं काम आपल्यासमोर बघावं, असं त्याला वाटत होतं. शिष्यानं काय केलं ते कळू दे एकदा.

सर बाजेवर उशांना टेकून बसले होते. माणूस अर्धा झाला होता. काकूंनी नागसेनला ओळखलं, पाणी दिलं, बिलोलीच्या आईवडिलांची चौकशी केली. त्यानं डबा टीव्हीला जोडला, कॅसेट बसवली, आणि पहिल्याच झटक्यात यादी आली. सरांच्या डाव्या अंगठ्याखाली त्यानं रिमोटचं बटण ठेवलं. अंगठा थरथरला, घसरला, पुन्हा आला, आणि यादीतला बाण एक ओळ खाली सरकला. काकूंनी डोळ्याला पदर लावला. सरांनी कॅसेटीत काय काय आहे ते बारकाईनं विचारलं, दोन पट्ट्या का लागतात ते विचारलं, आणि मान डोलावून म्हणाले की डोकं चाललंय तुझं. नागसेन निघाला तो जमिनीपासून वीतभर वर चालत निघाला.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. चहा घेताना त्याला उगीच सरांचा अंगठा आठवला, एक एक ओळ खाली सरकणारा. यादी आठवली. पहिलं पान, दुसरं पान, शेवटचं पान. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. फाइल तीच होती. सरांच्या कॅसेटीतसुद्धा तीच फाइल होती.

समोरच लातूरची गाडी लागलेली होती, हे त्याला पुढं अनेकदा आठवायचं होतं. तो तिच्यात चढला नाही. त्यानं काकूंना फोन लावला आणि सांगितलं की जोडणीत चूक राहिली आहे, शॉक बसू शकतो, कॅसेट लगेच काढून ठेवा, मी नवी पाठवतो. काकू घाबरल्या. बरं झालं सांगितलास बाबा, म्हणाल्या. नागसेननं कपाळ पुसलं आणि नांदेडच्या गाडीत बसला. सर्वांत वाईट म्हणजे त्याला त्या खोट्यानं हलकं वाटलं.

आठवडाभर तो नवी फाइल करतो करतो म्हणत राहिला. केलीही, ‘सर आले’ तेवढा काढून. पाठवायच्या आधीच काकूंचा फोन आला. आवाज साधाच होता. सर बोलवून राहिलेत, जमंल तवा ये, एवढंच म्हणाल्या. कशासाठी, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. त्यानं नवी कॅसेट आणि लॅपटॉप पिशवीत टाकला. मनात असं की शॉकचं निमित्त करून, कुणाचं लक्ष नसताना, जुनी काढायची आणि नवी लावायची. कदाचित शेवटच्या पानापर्यंत सर पोचलेच नसतील. अंगठा किती तो थरथरत होता. मास्तरच्या अंगठ्यावर भरवसा ठेवून हा माणूस लातूरपर्यंत आला.

दारातच त्याला आवाज आला. ठक्, सर्र. ठक्, सर्र.

सर खेळत होते. पोरगं पळत होतं, मागून टकलू, चष्मेवाला मास्तर पाय ओढत येत होता. सरांनी मान न वळवता त्याला बस म्हणून सांगितलं. तो बसला. पोरगं पकडलं गेलं, फळ्याजवळ जाऊन उभं राहिलं. सरांनी रिमोट मांडीवर ठेवला.

“नागसेन, पाच व्होल्टनं शॉक लागतो का रे?”

“न्हाई, सर.”

“मग काकूला तसं कामून सांगितलास?”

नागसेनला वाटलं होतं सर रागावतील, किंवा त्यांना कळलंच नसेल, किंवा हसण्यावारी नेतील. या तिन्हींसाठी त्यानं वाटेत उत्तरं तयार केली होती. सरांनी त्यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पुन्हा खेळ लावला, आणि वर्गात फळ्यावरचं दाखवावं तसं उजव्या हातानं टीव्हीकडं बोट केलं.

“बग. तिकडं जाताना ह्याचा उजवा पाय ओढतो. माघारी इकडं येताना डावा. आठ दिवस बघून राहिलोय. असं कामून व्हतंय?”

सांगावं लागलं. खाली मान घालून नागसेननं सांगितलं की जागा वाचवायला एकाच बाजूचं चित्र काढतात, आणि वळताना डबा ते आरशातल्यासारखं पलटवतो. पलटताना जवळचा पाय दूरचा होतो आणि दूरचा जवळचा. ते आपल्या ध्यानातच आलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. युक्ती चांगली आहे म्हणाले. खरंच तसं म्हणाले, आणि नागसेनला वाटलं की यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर परवडलं असतं.

“पण माझा एकच पाय ओढत हुता रे,” सर म्हणाले. “डावा चांगला हुता. त्याच्यावर हुबं राहूनच तुम्हाला शिकवलं. कवा बनवलास हे?”

“मेळाव्याच्या टायमाला, सर. आजारपणाच्या आधी.”

“म्हंजे तवा डावा चालत हुता माझा.” त्यांनी पांघरुणाखालच्या पायांकडं पाहिलं. “तू आधीच काढून घेतलास.”

लाज म्हणजे काय हे नागसेनला माहीत होतं असं तो समजत होता. नापास झाल्याची, उधारी मागायची, बायकोसमोर खोटं उघडं पडल्याची लाज त्याला ठाऊक होती. ही वेगळी होती. दोन वर्षं त्या माणसाच्या समोर बसून, त्याच्या घरचं खाऊन, आपण त्याचा लंगडा पायच तेवढा पाठ केला, आणि तोसुद्धा नीट नाही. कुठला पाय हेसुद्धा बघितलं नाही. हसायला तेवढं पुरलं.

त्यानं पिशवीतून नवी कॅसेट काढली. चुकलं सर, म्हणाला, माफ करा, या कॅसेटीत तो गेम नाही, पूर्ण काढून टाकलाय, ही घ्या. सरांनी कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत दिली.

“खोडून आणलास व्हय. माझ्या क्लासला खोडरबर चालत हुतं का?”

“न्हाई, सर.”

“मग? खाली बरोबर लिही. हितंच बसून लिही.”

आणि नागसेनला लातुरात, सरांच्या बाजेशेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन सरांची चाल पुन्हा काढावी लागली. पलटवायची युक्ती सोडली, उजवीकडं जाणारे सर वेगळे, डावीकडं येणारे वेगळे. त्यासाठी दोन जुने गेम काढून जागा केली. पण नुसती जागा करून भागणार नव्हतं. ठिपक्या-ठिपक्यानं पाय काढायचा तर तो कसा पडायचा ते ठाऊक हवं, आणि नागसेनला ते ठाऊक नव्हतं. ज्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या, त्याबद्दल त्याला आता तोंडानं विचारावं लागलं. सर, आधी टाच टेकायची की बोटं? सर डोळे मिटून सांगत होते, भूमितीचं प्रमेय सांगावं इतक्या शांतपणे. टाच टेकायचीच नाही. बोटं टेकायची. गुडघा लुळा, तो दुमडू नये म्हणून उजव्या हातानं मांडी दाबायची, मग भार टाकायचा, मग डावा पाय पुढं, दमदार, अगदी पूर्ण.

मांडी दाबायची म्हटल्यावर नागसेनचा हात थांबला. सरांच्या पँटीला उजव्या मांडीवर कायम खडूचा पांढरा पंजा उमटलेला असायचा. पोरं म्हणायची, सर पँटीलाच हात पुसतात. त्यावरही एक विनोद होता, आणि त्यालाही नागसेन हसला होता. त्यानं गेममधल्या सरांच्या हातातला खडू काढला आणि तो हात मांडीवर ठेवला. सर डोळे उघडून बघत होते.

चाल झाल्यावर त्यानं आणखी एक गोष्ट केली, न विचारता. तो आवाज बंद केला. पाय बरोबर करता येत होता, पण त्या आवाजात हॉलमधलं हसणं आणि श्रीशैलचं ‘अजून थोडं घासू दे’ भरलेलं होतं. तो सरांच्या घरात वाजू देणं आता त्याच्यानं होईना. कॅसेट उघडून, वायर लावून त्यानं नवी फाइल आत ओतली, झाकण बसवलं आणि बटण सरांच्या अंगठ्याखाली दिलं.

मास्तर पडद्यावर आला. मांडीवर हात दाबून उजवा पाय टाकला, मग डावा, ठाम. पडद्याच्या टोकाला गेला, वळला, माघारी आला, आणि येतानाही डावा पाय तसाच ठाम. सर बघत राहिले. पोरगं केव्हाच पकडलं गेलं होतं, त्यांनी बटण दाबलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, हां, आता बरोबर.

काकू पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी टीव्हीकडं बघितलं, मग नागसेनकडं.

“आवाज कामून न्हाई?”

काढला, काकू, असं तो पुटपुटला. बरा वाटत नव्हता.

“राहू दे तो आवाज. ह्यांनी पहिल्यांदा लावला तवा मी भाकरी करून राहिलते. आवाज आला, आन तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळत आले.” त्या कसनुसं हसल्या. “मला वाटलं, हे उठले.”

नागसेननं लॅपटॉप पुन्हा उघडला. बंद केलेला आवाज चालू करायला एक ओळ बदलायची होती. तेवढ्याला वेळ लागत नाही, त्याला लागला. काकू दारातच थांबल्या. ठक्, सर्र सुरू झालं, मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तेवढं ऐकून त्या आत वळल्या, आणि आतूनच विचारलं की धपाटे करून राहिले, खाऊन जाशील ना. नागसेनला नाही म्हणायचं होतं. तो हो म्हणाला.